'गेट'चा अर्थ पाठ करू नका, शेजारी बघा

शाळेत 'गेट, गॉट, गॉट : मिळणे' एवढं पाठ झालेलं असतं. मग पहिल्या नोकरीत साहेब म्हणतात, 'गेट हिम टू साइन इट.' परदेशातला घरमालक विचारतो, 'डिड यू गेट इन ऑलराइट?' मैत्रीण समजूत काढते, 'डोन्ट लेट इट गेट टू यू.' या तिन्हींत मिळण्यासारखं काहीच सापडत नाही. शब्दकोश उघडावा तर अर्थांची ही भली मोठी रांग. सातवा वाचेपर्यंत पहिला विसरायला होतो.

ज्यांना इंग्रजी वाचलेलं कळतं, व्याकरणही बऱ्यापैकी येतं, पण बोलण्यातलं इंग्रजी हातातून निसटतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. 'गेट' न वापरता बोलणं एक वेळ जमेल. समोरचा मात्र ते वापरणारच, आणि ते तुम्हाला ऐकावंच लागेल.

एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. देवनागरीत लिहिल्यावर दाराचं गेट आणि हे गेट अगदी सारखंच दिसतं. उच्चारात मात्र फरक आहे. दाराच्या गेटमधला ए लांबवायचा आणि शेवटी किंचित 'इ'कडे झुकवायचा. क्रियापदातला ए आखूड, पटकन तोडलेला. आपण बहुतेक जण दोन्ही एकाच मापानं म्हणतो. या लेखात दाराचं गेट कुठेही येणार नाही.

पायरी १ : आधी 'लागणे' आठवा

'लागणे' म्हणजे काय, असं एखाद्या अमराठी माणसानं विचारलं तर काय सांगाल? भूक लागते, आग लागते, ठेच लागते, झोप लागते. नोकरी लागते, निकाल लागतो, वेळ लागतो. 'तो माझा मामा लागतो.' एसटी स्टँडवर 'बस लागली' म्हणजे गाडी फलाटावर येऊन उभी राहिली, पिशव्या उचला. घाटात 'मला बस लागली' म्हणजे पिशवी उघडा, लवकर. फक्त 'मला' एवढं वाढलं आणि सगळा प्रसंगच बदलला. शिवाय 'बोलू लागला' म्हणजे सुरुवात आणि 'बोलावं लागलं' म्हणजे सक्ती.

हे अर्थ कुणी तुम्हाला फळ्यावर लिहून दिले नव्हते. 'लागणे'च्या शेजारी कोण बसलंय ते ऐकायचं आणि पुढे जायचं, एवढंच आपण करत आलो. 'गेट'लाही हीच रीत लावायची. 'गेट'च्या पुढे काय आलं ते बघा: वस्तू, विशेषण, ठिकाण, माणूस, की 'टू' आणि क्रियापद. निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं.

गंमत म्हणजे कितीतरी ठिकाणी 'गेट'चं मराठी चक्क 'लागणे' असंच होतं. 'आय कुडन्ट गेट थ्रू' म्हणजे फोन लागला नाही. 'द ट्रेन गेट्स इन ॲट सेव्हन' म्हणजे गाडी सातला लागते. 'इट गॉट टू मी' म्हणजे ते माझ्या मनाला लागलं. 'आय हॅव गॉट टू गो' म्हणजे मला जावं लागेल. सुरुवातीची मैत्रीण एवढंच म्हणत होती, की मनाला लावून घेऊ नकोस. आणि घरमालक विचारत होता, नीट पोचलात ना?

पायरी २ : रूपं आणि कान

ब्रिटनमध्ये तिन्ही रूपं गेट, गॉट, गॉट. अमेरिकेत तिसरं रूप 'गॉटन'. अमेरिकन माणूस दोन्ही वापरतो, पण वेगवेगळ्या अर्थानं. 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे मी गाडी घेतली. 'गॉटन' ऐकून नाक मुरडणारे ब्रिटिश पुष्कळ आहेत. 'फरगॉटन' मात्र तेही रोज म्हणतात, आणि वाममार्गानं मिळवलेल्या पैशाला 'इल-गॉटन' म्हणतात. तुम्ही कुठलंही एक धरा. पुणे-मुंबईत काम करत असाल तर 'गॉट'वर भागतं. अमेरिकन लोकांशी रोजचा संबंध असेल तर 'गॉटन' निदान ऐकून ओळखता यायला हवं.

हा शब्द मुळात इंग्रजीच्या घरचा नाही. नवव्या शतकापासून स्कँडिनेव्हियातले लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात येऊन राहिले, त्यांच्या नॉर्स भाषेतलं 'गेटा' इंग्रजीत मुरलं आणि साधारण 1200 च्या सुमारास लिखाणात दिसू लागलं. टेक, एग, स्काय, विंडो, एवढंच काय 'ते' या अर्थाचा 'दे' हा शब्दही त्याच वाटेनं आला. हे सगळे घरातले, चुलीजवळचे शब्द. 'गेट'चा घरगुतीपणा आजही गेलेला नाही. दप्तरी इंग्रजीत तो अवघडतो. ते पुढे येईलच.

आता कान. अमेरिकन बोलण्यात दोन स्वरांच्या मधला 'ट' आपल्या 'ड'सारखा ऐकू येतो. 'गेट इट' हे 'गेडिट', 'गेट अप' हे 'गेडप', 'गॉट टू' हे 'गॉडा'. अमेरिकन मालिका बघताना 'गेट' ऐकूच येत नाही अशी तक्रार असते, ती यामुळे. 'गेड' ऐकायला लागा, जागोजागी सापडेल.

आणि एक सापळा. 'हॅव गॉट' हे दिसायला भूतकाळासारखं असलं तरी अर्थ आत्ताचा आहे. 'आय हॅव गॉट टू सिस्टर्स' म्हणजे मला दोन बहिणी आहेत. आपल्याकडे 'आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स' सर्रास बोललं जातं, ते सोडा. 'आय हॅव टू सिस्टर्स' म्हटलं तरी उत्तम.

पायरी ३ : पुढे वस्तू आली तर

हा शाळेतला अर्थ, त्यामुळे फार वेळ घालवत नाही. 'आय गॉट युअर मेल' मेल मिळाली. 'गेट सम मिल्क' दूध घेऊन ये. 'व्हॉट कॅन आय गेट यू?' काय आणू तुमच्यासाठी? मिळणं, विकत घेणं आणि आणून देणं, तिन्ही यात येतात. फरक कळत नसेल तर बोलणारा कुठे उभा आहे ते बघा. हॉटेलचा वेटर तुम्हाला काही 'मिळवून' देणार नाही, आणून देणार.

'कॅन आय गेट अ कॉफी?' हे अमेरिकेतून आलेलं वळण आता सगळीकडे ऐकू येतं. जुन्या वळणाच्या ब्रिटिश माणसाला ते खटकतं, कारण त्याच्या कानाला ते 'मी आत येऊन कॉफी घेऊ का?' असं वाटतं. लंडनमध्ये 'कॅन आय हॅव' म्हणा. न्यूयॉर्कमध्ये काहीही चालेल.

बेल वाजली, फोन वाजला, की घरातलं कुणीतरी ओरडतं, 'आय विल गेट इट!' म्हणजे मी बघतो, मी उघडतो, मी उचलतो.

समजण्याच्या अर्थाचं 'गेट' याच कुळातलं: 'आय डोन्ट गेट इट', 'डिड यू गेट द जोक?', आणि नुसतं 'गॉट इट' म्हणजे कळलं, आलं लक्षात. यात एक पक्की भारतीय लकब आहे, 'आय ॲम नॉट गेटिंग यू.' फोनवर आपण ती रोज ऐकतो. समजण्याच्या अर्थानं 'गेट'ला सहसा 'इंग' लागत नाही. 'आय डोन्ट गेट यू' म्हणा, किंवा आवाजच येत नसेल तर सरळ 'आय कान्ट हिअर यू' म्हणा. सिग्नल मिळत नाही या अर्थानं 'आय ॲम नॉट गेटिंग अ सिग्नल' मात्र बरोबर, कारण तिथे 'गेट' म्हणजे मिळणं.

पायरी ४ : पुढे विशेषण आलं तर

इथे 'गेट' म्हणजे 'होणे'. आधी एक स्थिती होती, आता दुसरी झाली किंवा होतेय. 'गेट रेडी' तयार हो. 'इट इज गेटिंग डार्क' अंधार पडतोय. 'शी गॉट अँग्री' ती चिडली. 'ही इज गेटिंग बेटर' त्याला बरं वाटतंय. 'वी गॉट लॉस्ट' आम्ही रस्ता चुकलो. हेच 'गेट लॉस्ट' समोरच्याला आज्ञा म्हणून टाकलं तर 'चालता हो', तेव्हा जरा जपून.

'बी' आणि 'गेट' यांतला फरक इथेच पक्का करा. 'आय वॉज टायर्ड' मी दमलेला होतो. 'आय गॉट टायर्ड' मी दमलो. मराठीत हा फरक आपण झोपेतही चुकत नाही.

उशीर झाल्यावर आपण 'आय गॉट लेट' म्हणतो. भारतात सगळ्यांना कळतं, बाहेर कानाला खटकतं. 'आय वॉज लेट' किंवा 'आय गॉट डिलेड' म्हणा. दिवस कलला, रात्र झाली, अशा अर्थानं 'इट गॉट लेट' अगदी शुद्ध आहे.

लग्नाचं स्वतंत्र सांगायला हवं, कारण परदेशी सहकाऱ्याला लग्नाचं बोलावणं करताना हमखास घोळ होतो. 'माय मॅरेज इज ऑन ट्वेल्थ' असं आपण म्हणतो. त्यांच्या लेखी 'मॅरेज' म्हणजे लग्नानंतरचा संसार, आणि समारंभ तो 'वेडिंग'. सोपा मार्ग: 'आय ॲम गेटिंग मॅरिड ऑन द ट्वेल्थ.' आणि कोणाशी हे सांगताना 'विथ' नाही, 'टू'. 'शी गॉट मॅरिड टू अ डॉक्टर.' मराठीतल्या 'डॉक्टरशी'मधला 'शी' आपल्याला 'विथ'कडे ओढतो.

विशेषणासारखंच क्रियापदाचं तिसरं रूप आलं, की कर्त्यावर काहीतरी घडलं असं समजा. मराठीत आपण 'मार खाल्ला', 'पकडला गेला', 'निवडून आला', 'बढती मिळाली', 'कामावरून काढलं' असं दर वेळी निराळं क्रियापद शोधतो. इंग्रजी बोलीत सगळ्यांना एकच पुरतं: 'गॉट बीटन', 'गॉट कॉट', 'गॉट इलेक्टेड', 'गॉट प्रमोटेड', 'गॉट फायर्ड'.

पायरी ५ : पुढे ठिकाण आलं तर

ठिकाण आलं की पोचणे. 'व्हेन डिड यू गेट टू नाशिक?' कधी पोचलात नाशिकला? 'होम', 'हिअर', 'देअर' यांच्या आधी 'टू' लावायचा नाही. 'आय गॉट होम ॲट नाइन.' आपण नुसतं 'आय हॅव रीच्ड' असा मेसेज टाकतो. इंग्लंडमधल्या माणसाला तो अर्धवट वाटतो, कुठे पोचलात? 'गॉट होम' टाका.

चढणं-उतरणं मात्र डोकं खातं. ढोबळ नियम असा: ज्या वाहनात उभं राहून दोन पावलं चालता येतं तिथे 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. बस, लोकल, विमान, बोट. ज्यात वाकून शिरायचं आणि बसायचं तिथे 'गेट इन' आणि 'गेट आउट ऑफ'. कार, टॅक्सी, रिक्षा. सायकल, मोटारसायकल आणि घोडा यांवर चालता येत नसलं तरी वर बसतो, म्हणून पुन्हा 'ऑन' आणि 'ऑफ'.

दादरला उतरायचं असेल तर आपल्या तोंडी 'आय हॅव टू गेट डाउन ॲट दादर' येतं. भारतात त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही आणि मलाही ते चूक म्हणवत नाही. इतकी माणसं इतकी वर्षं बोलतात ते इथलं इंग्रजी झालं. पण बाहेर 'गेट डाउन' म्हणजे शिडीवरून, झाडावरून खाली ये, किंवा धोका आहे, खाली वाक. तिकडच्या बसमध्ये 'गेट ऑफ' म्हणा.

पायरी ६ : दुसऱ्याकडून करून घेताना

इथे जरा थांबा. मराठी माणसाचं इंग्रजी सगळ्यात जास्त अडखळतं ते इथे, आणि हे जमलं की बोलण्याचा पोत लगेच बदलतो.

'मी केस कापले' असं आपण सहज म्हणतो. कात्री न्हाव्याच्या हातात होती हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. ते जसंच्या तसं 'आय कट माय हेअर' केलं, की इंग्रजी ऐकणारा तुमच्या डोक्याकडे काळजीनं बघतो, कारण त्याला वाटतं तुम्ही आरशासमोर उभं राहून स्वतःच कापले. म्हणायचं असं: 'आय गॉट माय हेअर कट.' साचा बघा: गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. वस्तू मध्ये, काम शेवटी.

याच साच्यात रोजचं निम्मं आयुष्य बसतं. ब्लाउज शिवून घेतला: 'आय गॉट अ ब्लाउज स्टिच्ड.' रक्त तपासलं: 'आय गॉट माय ब्लड टेस्टेड.' गाडी सर्व्हिसिंगला टाकली होती: 'आय वॉज गेटिंग द कार सर्व्हिस्ड.' घराला रंग काढायचाय: 'वी हॅव टू गेट द हाउस पेंटेड.' झेरॉक्स, पासपोर्टचं नूतनीकरण, दाताची कीड, गॅसची शेगडी, जिथे काम दुसऱ्यानं केलं आणि तुम्ही करवलं तिथे हा साचा. 'आय टेस्टेड माय ब्लड' म्हणणारा माणूस लॅबमध्ये नोकरीला असावा असं ऐकणाऱ्याला वाटेल.

अपवाद आहेतच. 'वी बिल्ट अ हाउस' हे इंग्रजीतही चालतं, विटा गवंड्यानं रचल्या असल्या तरी.

करणाऱ्या माणसाचं नाव घ्यायचं असेल तर साचा बदलतो: गेट, मग माणूस, मग 'टू', मग साधं क्रियापद. 'आय गॉट द टेलर टू शॉर्टन इट.' सुरुवातीचे साहेब तेच म्हणत होते, त्याच्याकडून सही करून घे. या 'गेट'मध्ये बऱ्याचदा मनधरणीचा वास असतो. 'आय हॅड हिम साइन इट' म्हणजे त्याची सही घेतली, त्याचं कामच ते. 'आय गॉट हिम टू साइन इट' म्हणजे चार खेटे घातले, चहा पाजला, तेव्हा कुठे सही झाली. 'हॅव'बरोबर 'टू' येत नाही, 'गेट'बरोबर येतोच. 'आय गॉट हिम साइन' ही चूक फार ऐकू येते.

आणि हाच साचा कधी कधी उलटतो. 'आय गॉट माय फोन स्टोलन' म्हणजे फोन चोरून घेतला असं नाही. माझा फोन चोरीला गेला. 'ही गॉट हिज फिंगर कॉट इन द डोअर' त्याचं बोट दारात अडकलं. शब्दांची रांग तीच. काम आपण मुद्दाम करवू का, एवढा प्रश्न विचारला की उलगडतं.

पायरी ७ : 'टू' आणि क्रियापद

'आय गॉट टू सी द मॅच' याला मराठीत सुंदर जोड आहे: मला मॅच बघायला मिळाली. 'शी गॉट टू मीट हर' तिला भेटायला मिळालं. संधी चालून आली, योग आला. लहान मुलांची तक्रार, 'व्हाय डझ ही गेट टू गो?' त्यालाच का जायला मिळतं?

पण बोलताना 'हॅव' गळतो आणि 'आय गॉट टू गो' म्हणजे 'मला जावं लागेल' असंही होतं. मिळणं आणि लागणं, दोन टोकं एकाच वाक्यात. कसं ओळखायचं? माणूस झालेली गोष्ट सांगतोय, तर मिळालं. पर्स उचलून उठतोय, तर लागेल.

'आय गॉट टू नो दॅट ही हॅज रिझाइन्ड' हे आपलं आवडतं वाक्य. कळलं एवढंच म्हणायचं असेल तर 'आय हर्ड' किंवा 'आय फाउंड आउट' बरं. 'गेट टू नो' म्हणजे हळूहळू ओळख वाढणं: 'आय गॉट टू नो हर इन कॉलेज.' सवय होणं याला 'गेट यूज्ड टू', आणि त्यापुढे 'इंग' लावलेलं क्रियापद: 'आय गॉट यूज्ड टू ईटिंग अर्ली.'

पायरी ८ : मागून येणारे छोटे शब्द

अप, ओव्हर, बाय, अलाँग असे छोटे शब्द 'गेट'ला चिकटले की अर्थ एकदम दुसरीकडे जातो, आणि इथे थोडं पाठांतर आहेच, सुटका नाही. सगळी यादी देत नाही. रोज लागतील तेवढे धरा.

'गेट अप' म्हणजे अंथरुणातून उठणं. नुसती जाग येणं म्हणजे 'वेक अप'. रविवारी या दोन्हींत तासाभराचं अंतर असतं. आपण नाटकातल्या पात्राच्या पोशाखाला 'गेटअप' म्हणतो, तो शब्दही इंग्रजीतलाच आहे, पण तिकडे त्यात थोडी थट्टा असते, काय हा अवतार! 'गेट अलाँग' पटणं, जमणं. ब्रिटनमध्ये यालाच 'गेट ऑन'. 'गेट बाय' भागवणं: 'आय कॅन गेट बाय ऑन माय हिंदी', माझ्या हिंदीवर माझं भागतं. 'गेट ओव्हर' आजारातून, दुःखातून बाहेर येणं. 'गेट रिड ऑफ' एकदाचं काढून टाकणं. 'गेट अवे' सटकणं, आणि 'गेट अवे विथ इट' म्हणजे करूनसवरून नामानिराळं राहणं. ऑफिसात 'आय विल गेट बॅक टू यू' म्हणजे बघून कळवतो. आपण त्याऐवजी 'आय विल रिव्हर्ट' लिहितो, त्याचा बाहेरच्या लोकांना नीट बोध होत नाही.

'गेट-टुगेदर' तर मराठीच झालाय. दहावीच्या बॅचचं असतं, दिवाळीत सोसायटीचं असतं. इंग्रजीतही अर्थ तोच, फक्त जरा लहान आणि घरगुती. हॉल घेऊन दोनशे माणसांचं जेवण घातलं तर ते 'पार्टी' म्हणतील. आणि गप्पांत कुणी डोळे मोठे करून 'गेट आउट ऑफ हिअर!' म्हणालं तर उठून जाऊ नका, तो म्हणतोय, काहीतरीच काय सांगता!

पायरी ९ : शब्दकोश आणि वही

शब्दकोश बदला. इंग्रजी-मराठी कोशात 'गेट'समोर मराठी शब्दांची रास मिळते, पण कुठला कधी हे कळत नाही. त्याऐवजी शिकणाऱ्यांसाठी काढलेला इंग्रजी-इंग्रजी कोश वापरा. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होते. परक्या भाषेतल्या विद्यार्थ्याला क्रियापदाचा अर्थ जेवढा लागतो, तेवढंच त्यापुढे काय येतं हेही लागतं, हे त्यांनी ओळखलं आणि तसे साचे देणारा कोश सहकाऱ्यांबरोबर तयार केला. तो 1942 मध्ये टोकियोत निघाला, 1948 मध्ये ऑक्सफर्डनं काढला आणि पुढे वाढत ऑक्सफर्डचा 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स' कोश झाला. तो आणि केंब्रिजचा असाच कोश, दोन्ही इंटरनेटवर फुकट बघता येतात. 'गेट' उघडा, व्याख्या सोडा, फक्त उदाहरणं वाचा.

वहीत अर्थ लिहू नका. मालिका बघताना इंग्रजी सबटायटल लावा, 'गेट' दिसलं की पॉज करा, अख्खं वाक्य उतरवा आणि पुढच्या शब्दाखाली रेघ ओढा. शेजारी मराठी लिहायचं ते शब्दाचं नाही, वाक्याचं. तुमच्या आईनं तीच गोष्ट कशी म्हटली असती तसं. आठवडाभरात वहीत साचे आपोआप गटागटानं दिसू लागतात.

पायरी १० : कुठे हात आखडायचा

अर्ज, अहवाल, प्रबंध, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतला निबंध यांत 'गेट' कमी करा. 'रिसीव्ह', 'ऑब्टेन', 'बिकम', 'अराइव्ह' हे तिथले शब्द. चूक नाही, पण सुटाबुटाच्या लग्नात लुंगीवर गेल्यासारखं वाटतं. बातमीच्या इंग्रजीतही 'गॉट अरेस्टेड'पेक्षा 'वॉज अरेस्टेड'. उलट बाजूनंही सांगतो: मित्राला 'आय रिसीव्ह्ड युअर बर्थडे विशेस' लिहिलं तर तो बँकेचा मेसेज वाटेल.

आता एक निरोप सोडवून बघा. तुमच्यासोबत राहणाऱ्या मित्रानं पाठवलाय:

'गॉट युअर मेसेज. आय कान्ट गेट अवे बिफोर सिक्स, सो इट विल गेट डार्क बाय द टाइम आय गेट देअर. कॅन यू गेट द की फ्रॉम द वॉचमन अँड गेट द प्लंबर टू लुक ॲट द टॅप? ट्राइड हिम ट्वाइस, कुडन्ट गेट थ्रू. इफ यू गेट टू मीट द लँडलॉर्ड, गेट द रिसीट साइन्ड. गॉट टू गो.'

खाली बघण्याआधी प्रत्येक 'गेट'च्या पुढच्या शब्दाखाली रेघ ओढा. मराठी असं:

'तुझा मेसेज मिळाला. सहाच्या आत मला सटकता येणार नाही, म्हणजे पोचेपर्यंत अंधार पडेल. वॉचमनकडून चावी घेशील का? आणि प्लंबरला नळ बघायला लाव. मी दोनदा फोन केला, लागला नाही. घरमालकांना भेटायला मिळालं तर पावतीवर सही करून घे. चल, निघायला हवं.'

दहा वेळा 'गेट' आलं आणि मराठीत कुठल्याही दोन ठिकाणी अगदी तेच रूप वापरावं लागलं नाही. 'मिळाला' आणि 'मिळालं', 'घेशील' आणि 'करून घे' एवढेच काय ते जवळचे. हाच निरोप ऑफिसच्या मेलमध्ये टाकायचा झाला तर:

'आय रिसीव्ह्ड युअर मेसेज. आय विल नॉट बी एबल टू लीव्ह बिफोर सिक्स, सो इट विल बी डार्क व्हेन आय अराइव्ह. प्लीज कलेक्ट द की फ्रॉम द वॉचमन अँड आस्क द प्लंबर टू चेक द टॅप. आय कॉल्ड हिम ट्वाइस बट कुड नॉट रीच हिम. इफ यू मीट द लँडलॉर्ड, प्लीज हॅव द रिसीट साइन्ड.'

एकही 'गेट' नाही. शेवटच्या 'गॉट टू गो'ला मेलमध्ये जागाच नसते; तिथे 'रिगार्ड्स' लिहायचं आणि खाली नाव टाकायचं.